अर्धा किलोचे वजन

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात ग्रंथवाचन चालू असताना एका वयस्कर उपासकांनी आम्हाला चारचौघांत प्रश्न केला. म्हणाले, "तुम्ही समाजाचं काम करता, रविवारी वंदनेला पुढं बसता, आणि बहिणीच्या पोरीच्या हातात पिस्तूल देता? आपलं पहिलं शील कोणतं? भगवंतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेले पाच व्यापार कोणते? त्यात शस्त्रांचा व्यापार येतो का नाही?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते. आम्ही 'पुढच्या रविवारी बोलू' म्हणून वेळ मारून नेली. त्यानंतर जे घडले ते आमच्या घरापुरते न ठेवता वाचक बंधू-भगिनींसमोर मांडावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची भाची सांगलीला असते. बहीण आणि दाजी दोघेही कष्टकरी. पोरगी कॉलेजात एन.सी.सी.त गेली आणि तिथल्या शिबिरात तिने पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल उडवली. पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. पुढे सांगलीतच एका हॉलमध्ये दहा मीटर एअर पिस्तूलचा सराव करता येतो असे तिला कळले. तिने आम्हाला फोन केला, "मामा, मला जायचंय." आईबापाला आधी न सांगता मामाला सांगितले, यात काय ते आले.

पश्चिम महाराष्ट्रात या खेळाला आता नवखेपण राहिलेले नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक घेतले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये रायफलीत कांस्यपदक आणले. सातारची अदिती स्वामी तर सतराव्या वर्षी, २०२३ साली, बर्लिनला धनुर्विद्येत जगज्जेती झाली. आमची भाची या रांगेत बसेल असे आम्ही म्हणत नाही. पण खेड्यापाड्यातली पोरे तिथवर गेली, तर आपली का जाऊ नये, एवढाच आमचा हिशेब होता.

हिशेब म्हटला की पैसा आला. नवे परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे. आम्ही कारकून माणूस. नोकरदारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले, बहिणीने बचत गटातून थोडे उचलले, आणि एका खेळाडूने वापरलेले पिस्तूल घेतले. साडेचार मिलिमीटरची नळी आणि वीस ज्यूलच्या आतली ताकद असलेल्या हवेच्या पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, हे आम्ही आधी वाचून खात्री करून घेतली होती. तरी गल्लीत बोलबाला झालाच. 'बौद्धवाड्यातल्या पोरीनं पिस्तूल आणलं' या वाक्याला गावात किती तऱ्हेचे अर्थ फुटतात ते सांगायला नको.

आता आमचे चुलते. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. तात्या १९७५ ते २०१३ अशी अडतीस वर्षे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. हा कारखाना १८६९ चा. सातारा-सांगलीच्या दुष्काळी भागातून आपली किती माणसे त्या नोकरीच्या आधाराने उभी राहिली! तात्या दर २५ डिसेंबरला देहूरोडला जात, कारण १९५४ साली त्याच तारखेला बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पेटी, एक भिंग आणि एक सवय होती. कुठलीही वस्तू हातात घेतली की ते आधी तिच्या बुडाशी बघतात.

पिस्तूल घरी आले तेव्हा तात्यांनी तेच केले. हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचली. म्हणाले, "यात दोनशे बारपर्यंत हवा भरत्यात. दहा वर्सं झाली की हे बाद. ह्याला अजून तीन वर्सं हायत. तारीख वहीत लिहून ठेव." मग मूठ पाहिली. ती अक्रोडाच्या लाकडाची, पण कुणा मोठ्या पंजाच्या पुरुषासाठी तासलेली. पोरीच्या हातात ती हलायची. चाप ओढला की माशी एका बाजूला सरकायची. तात्यांनी तिच्या तळहाताला खडूची भुकटी लावली, मूठ धरायला लावली आणि जिथे खडू उमटला नाही तिथे सुताराकडची लाकडाची पुट्टी भरली. जिथे जास्त उमटला तिथे कानशीने हलके घासले. असे पाच रविवार चालले. मूठ फार भरून चालत नाही, कारण सगळे पिस्तूल ४२ सेंटिमीटर लांब, २० उंच आणि ५ रुंद अशा पेटीत मावावे लागते आणि वजन दीड किलोच्या वर जाता कामा नये.

छर्ऱ्यांचेही तसेच. एक छर्रा म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास शिसे. एकाच डब्यातले छर्रे सारखे दिसतात, पण एका कंपनीचे एका नळीला मानवतात, दुसरीचे मानवत नाहीत. तात्यांनी चार डब्यांतले छर्रे वेगवेगळ्या कागदांवर मारायला लावले, प्रत्येक कागदावर डब्याचा लॉट नंबर लिहिला आणि ज्याचे भोक सर्वांत लहान आले तो डबा ठरवला. आणि एक शिस्त घातली. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. शिसे पोटात जाणे वाईट. ज्या घरी मुले सरावाला जातात त्यांनी एवढे तरी पाळावे.

मध्यंतरी ओळखीचा एक तरुण आला. मोबाईलवर दाखवू लागला की परदेशात नेमबाज आपली काडतुसे घरीच भरतात. रिकामी पितळी केस गोळा करायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. पैसा वाचतो आणि गोळीही आपल्या पिस्तुलाच्या मापाची होते. "ताई पुढं पंचवीस मीटरला गेली तर आपणच भरू की," म्हणाला.

तात्या इतके चिडलेले आम्ही पहिल्यांदा पाहिले. "पॉइंट टू टूची केस पुन्हा भरता येत न्हाई, तिचा मसाला कडेतच असतो. ते तुला ठाऊक न्हाई आन् भरायला निघालास? मोठ्या काडतुसाची दारू ग्रेनवर मोजत्यात. एका ग्रॅममध्ये पंधरा ग्रेन. केस मोठी, दारू चिमूटभर. चुकून दोनदा पडली तर वरून दिसत न्हाई. मग पिस्तूल हातात फुटतं. आम्ही आगपेटी गेटवर ठिवून आत जायचो. दर लॉटमधनं नमुना काढून तपासत. नमुना नापास तर लॉट बाद. तू घरात लॉट कसा तपासणार?"

आम्ही त्या मुलाला कायद्याचे सांगितले. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे, आणि काडतुसाचे भाग व ते बनवायचे यंत्र हेसुद्धा कायद्याच्या भाषेत दारूगोळाच ठरते. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाली. आपल्या पोराच्या घरात अशी वस्तू सापडली तर 'खेळासाठी होती' हे कोण ऐकणार? ज्यांच्यावर संशय घ्यायला जगाला निमित्त लागत नाही, त्यांनी निमित्त देऊ नये. मुलगा समजूतदार होता, त्याने मोबाईल खिशात घातला.

दुसऱ्याला शहाणपण शिकवणारे आम्ही स्वतः काय केले ते आता सांगतो.

दहा मीटर पिस्तुलात काळ्या वर्तुळाचा व्यास ५९.५ मिलिमीटर आणि दहाच्या वर्तुळाचा ११.५ मिलिमीटर. पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे मारायचे. २०१८ पासून मुलींनाही साठच. चाप जितका हलका तितकी माशी कमी हलते. पण नियम असा की चापाला कमीत कमी पाचशे ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. तपासताना पिस्तुलाची नळी सरळ वर धरतात, चापाला पाचशे ग्रॅमचे वजन अडकवतात आणि टेबलावरून हळू उचलतात. वजन उचलले जाऊन चाप सुटला नाही तर पास. तीनदा संधी मिळते.

पुण्याच्या एका स्पर्धेआधी आम्ही सांगलीला गेलो. पोरीचा चाप सहाशेच्या घरात होता. आम्ही बी.कॉम. झालेले, ताळेबंदात पैशाचा फरक राहू न देणारे. आम्ही म्हटले, शंभर ग्रॅम फुकट का घालवायचे? घराजवळच्या एका किराणा दुकानातून अर्धा किलोचे लोखंडी वजन मागून आणले, सुतळीने चापाला बांधले आणि एलन कीने स्क्रू फिरवत फिरवत चाप अगदी त्या वजनाच्या काठावर आणून ठेवला. पोरगी म्हणाली, "मामा, थोडं जास्त ठेवूया की. पाचशे वीसवर." आम्ही म्हटले, "अगं, नियम पाचशेचा ना? मग वीस ग्रॅम कुणाला दान करायचेत?" तात्या त्या दिवशी गावी होते.

स्पर्धेच्या सकाळी एस.टी. उशिरा पोचली. तिथे खेळाडूंसाठी अधिकृत वजन ठेवलेले होते. ज्याने त्याने आपला चाप तपासून घ्यावा अशी सोय. रांग होती. पोरगी रांगेकडे निघाली, तर आम्हीच म्हणालो, "घरी तपासलंय. तू जाऊन शांत बस."

त्या दिवशी ती कधी नव्हे इतकी चांगली खेळली. तोवर तिची धाव ५४८ च्या पुढे गेली नव्हती. त्या दिवशी सहाशेपैकी ५६१ झाले. आम्ही मागे खुर्चीवर बसून कागदाच्या तुकड्यावर बेरीज करत होतो. शेवटचा छर्रा झाला आणि चिठ्ठी टाकून ज्यांचे पिस्तूल तपासायचे त्यांत तिचा नंबर निघाला. वजन लावले. उचलायला सुरुवात केली, चाप सुटला. दुसऱ्यांदा सुटला. तिसऱ्यांदाही सुटला. स्पर्धेनंतरच्या तपासणीत असे झाले की अपात्र. ५६१ च्या जागी रेघ आली.

आम्ही अधिकाऱ्यांशी वाद घालायला पुढे झालो. मोर्चे काढलेला माणूस, आवाज चढवायची सवय. तोंडावर शब्द आले होते की आमच्याच पोरीचा नंबर बरा निघाला! पोरीने आमचा शर्ट मागून धरला. म्हणाली, "मामा, माझ्या शेजारच्या मुलीचंही तपासलं. तेच वजन होतं." बस्स, एवढेच बोलली.

येताना खंबाटकी घाट उतरेपर्यंत दोघेही गप्प होतो. कर्ज, प्रवेश फी, पाच रविवारांची कानस, सगळे डोळ्यांपुढे येत होते. आणि त्याहून जास्त ती रेघ. तिच्या कॉलेजात, गल्लीत, 'अपात्र' या शब्दाचा अर्थ 'लबाडी' असाच लावला जाणार हे आम्हाला कळत होते. रात्री ती आमच्याच घरी साताऱ्याला राहिली. जेवता जेवता म्हणाली, "मामा, चाप आपण बरोबर लावला होता. मग चूक वजनात असली पाहिजे."

ते वजन आमच्या पिशवीतच राहिले होते. तात्यांना बोलावून घेतले. त्यांनी नेहमीप्रमाणे ते आधी उलटे केले. लोखंडी वजनाच्या बुडाशी एक भोक असते, त्यात शिसे भरून त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का मारतात. ते भोक रिकामे होते. शिसेही नाही, शिक्काही नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवले. ४९१ ग्रॅम भरले. नऊ ग्रॅम कमी.

शिसे आपोआप पडले की कुणी काढले, ते आम्हाला ठाऊक नाही, आणि त्या दुकानदारावर आळ घेण्याचा हेतू नाही. पण तात्या वजन हातात घेऊन बराच वेळ बसले. म्हणाले, "ह्या वजनानं ती गल्ली किती वर्सं डाळ घेतीया रं?" आमची आजी सांगायची की बलुत्याचे धान्य पदरात पडताना माप कधी भरून यायचे नाही, आणि विचारायची सोय नव्हती. मापात मारणे ही आपल्या माणसांना शतकांची ओळखीची गोष्ट. आणि आम्ही, हिशेबाचे शिक्षण घेतलेले, तेच वजन विश्वासाने घरी आणले आणि पोरीच्या चापाला बांधले. बुडाशी बघितले नाही.

पुढच्या रविवारी विहारात आम्ही उत्तर द्यायला उभे राहिलो. आधी इतिहास सांगितला. सातारा हे ज्या गावाचे नाव, तिथेच सुभेदार रामजींचे बिऱ्हाड होते, माता भीमाई तिथेच गेल्या, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्याच शाळेत भिवा दाखल झाला. लष्करात सुभेदार झालेल्या बापाचा तो मुलगा. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा केवळ पगार गेला नाही, माणूस म्हणून मिळालेली उंचीही गेली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडली. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांच्या हाती शस्त्र नाही त्यांना गुलामी झुगारता येत नाही, हे त्यांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या ग्रंथात बजावले आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, हेही त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' यात समजावले.

ते उपासक शांतपणे ऐकत होते. पटले असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हते. तेव्हा मागे बसलेले तात्या उठले. तात्या विहारात कधी बोलत नाहीत.

म्हणाले, "तुमचा प्रश्न पोरीला नको, मला विचारा. अडतीस वर्सं माझ्या हातातनं किती लाख गोळ्या गेल्या. त्या कुठं गेल्या, कुणाला लागल्या, मला ठाऊक न्हाई. देशाच्या कामाला गेल्या असं म्हणतो आन् झोपतो. कधी झोप लागत न्हाई. त्या पगारावर ही पोरं शिकली, म्हणून मी कारखान्याला वाईट म्हणणार न्हाई. पण ह्या पोरीची गोळी कुठं लागते ते कागदावर दिसतं. कागदाबाहेर ती जात न्हाई. मला तिचं समाधान वाटतं."

विहारात थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग त्या उपासकांनीच आमच्या भाचीला पुढे बोलावले आणि विचारले, "नेम धरताना मनात काय असतं?" ती म्हणाली, "श्वास. तो थांबायच्या आधी चाप दाबायचा नाही. राग आला की दहा लागत नाही." ते हसले. म्हणाले, "एवढं आम्हाला वंदनेला बसून जमत न्हाई."

त्यांचे पूर्ण समाधान झाले असे आम्ही लिहिणार नाही. शस्त्राचा प्रश्न बौद्ध माणसाने मनात जागा ठेवावा हेच बरे. पण त्याच सूत्रपिटकात भगवंतांच्या शीलाचे वर्णन करताना खोटे वजन, खोटे माप यांपासून ते दूर असत असेही सांगितले आहे. ते आम्ही अनेकदा वाचले होते, आणि वाचताना नेहमी व्यापाऱ्यांकडे बोट दाखवले होते. या वेळी बोट आमच्याकडे वळले. अधिकृत वजनाची रांग टाळायला पोरीला आम्हीच सांगितले होते.

त्या रांगेत कुणाची जात विचारत नाहीत. पैसा मात्र विचारतो, हे खोटे नाही. ज्याचे पिस्तूल नवे, त्याला पुट्टी भरत बसावे लागत नाही. पण टेबलावरचे पाचशे ग्रॅम सर्वांना पाचशेच असतात. असे एखादे वजन आपल्या आजा-पणजाला लाभले असते तर त्यांनी किती जपले असते! आमच्या भाचीला ते त्या दिवशी, हरल्या क्षणी, कळले. आम्हाला घाट उतरल्यावर कळले.

पुढचे थोडक्यात. आम्ही आणि भाची ते वजन घेऊन त्या दुकानदाराकडे गेलो. भोक दाखवले. तो आधी तणतणला, मग वजन गल्ल्याखाली टाकून नवे काढले. बहिणीच्या बचत गटातल्या बायकांनी त्या आठवड्यात बाजारातल्या आणखी चार दुकानांत वजने उलटी करून पाहिली. एका ठिकाणी शिक्का जुना निघाला, दुकानदाराने मुकाट्याने बदलून घेतला. समाजबांधवांना आमची विनंती आहे की वजनाच्या बुडाशी शिसे आणि शिक्का आहे का ते बघत जा. बघताना लाजू नका. तक्रार करायची तर जिल्ह्यात वैधमापन शास्त्राचे कार्यालय आहे.

पिस्तुलाचा चाप आता ५२५ वर आहे. भाची सांगितल्याप्रमाणे वहीत तारीख, लॉट नंबर आणि चापाचे वजन लिहिते. त्यानंतरच्या स्पर्धेत तिला ५५२ मिळाले. ५६१ पुन्हा आले नाहीत. येतील तेव्हा येतील. रेघेच्या पानावर तिने वहीत काहीच लिहिलेले नाही, फक्त कोपऱ्यात '४९१' एवढा आकडा आहे.

कर्जाचे अजून अकरा हप्ते बाकी आहेत.

जयभीम.